उजनीच्या पाण्यावर कॅटमरान: नवख्या सोलापूरकरांसाठी, पहिल्या धड्यापासून बेटाच्या फेरीपर्यंत

मालवणचा समुद्र सोलापूरहून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे शिडाची होडी हा कोकणातल्या लोकांचा विषय, असं आपण धरून चालतो. पण पुणे रस्त्याने मोहोळ, टेंभुर्णी मागे टाकली की भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं पाणी सुरू होतं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. माढा, करमाळा, इंदापूर अशा तालुक्यांत ते पसरलंय, आणि चांगला पाऊस झालेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास या काठावरून त्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. पाणी आहे, उघड्या माळावरून येणारा वारा आहे. शिडाच्या होडीला आणखी काय लागतं?

लागतात शिकलेली माणसं. ज्यांनी आजवर शिडाची दोरी हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शेवटचा टप्पा आहे चार-पाच कॅटमरान, म्हणजे दोन अंगांच्या शिडाच्या होड्या, एकत्र नेऊन एका बेटाला फेरी मारून सगळे परत येणं. यातला ‘सगळे परत येणं’ हा भाग मी फार महत्त्वाचा मानतो. जाणं सोपं असतं, वारा घेऊन जातो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी परतीच्या बाजूने विचार करून लिहिली आहे.

आधी पोहणं, तेही कपड्यांसकट

आपल्याकडे बरेच जण विहिरीत पोहायला शिकलेले असतात आणि त्यांचा दम चांगला असतो. पण विहिरीत चार हात मारले की पायरी हाताला लागते. धरणाच्या पाण्यात काठ अर्धा किलोमीटर दूर असतो, लाट तोंडावर येते आणि अंगावर ओले कपडे असतात. म्हणून जलतरण तलावात, देखरेख करणाऱ्याला सांगून, कपडे आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरा. दहा मिनिटं हातपाय न मारता नुसतं तरंगा, मग शंभर मीटर पोहा. घाबरगुंडी न होता हे जमलं, तर पुढे चला.

जॅकेट मापाचंच हवं. ते घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यातही तसंच सरकेल. जॅकेट काठावर चढवायचं आणि काठावर परतल्यावरच काढायचं. उत्तम पोहणाऱ्यालाही यात सूट नाही. डोक्याला बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, लागून शुद्ध गेली तर पोहता येण्याचा काय उपयोग?

वारा वाचणं: सिद्धेश्वर तलावाचा काठ पुरतो

होडी नसतानाही निम्मं शिक्षण होऊ शकतं. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी भुईकोट किल्ल्याच्या बाजूला उभे राहा आणि पाण्याकडे बघत बसा. पाण्यावर गडद, बारीक सुरकुत्यांचा एक पट्टा सरकत येताना दिसेल. तो वाऱ्याचा झोत. तो आपल्यापर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा, पोचल्यावर गालाला किती लागतो ते बघा. मग डोळे मिटून, दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा येईपर्यंत चेहरा हळूहळू फिरवा. आवाज सारखा झाला की नाक जिकडे, तिकडून वारा. आठवडाभर हे केलं की पुढे होडीत वर झेंडा बघायची गरज कमी होते.

वेग ओळखायला शहरातल्या खुणा पुरतात. देवळावरचा हलका झेंडा पूर्ण ताणून फडकत असेल तर वारा साधारण ७ ते १० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले तर ११ ते १६ नॉट. नवख्यांनी पहिल्या खुणेला पाण्यात जावं, दुसरीला होडी काठावरच ठेवावी. मोबाइलवर विंडी हे वाऱ्याचा अंदाज देणारं ॲप बघाच, पण आधी स्वतःचा अंदाज सांगा आणि मग आकडा बघा. उलट्या क्रमाने केलं तर अंदाज कधीच तयार होत नाही.

आपल्या पठारावरच्या वाऱ्याला दिवसाचा एक क्रम असतो. हिवाळ्यात पहाटे पाणी काचेसारखं असतं, कारण रात्री जमिनीलगत गार हवेचा थर बसतो आणि वरचा वारा खाली उतरत नाही. दहा-अकराला जमीन तापली की तो थर मोडतो आणि वारा झोताझोतांनी येऊ लागतो. सूर्य मावळतीला गेला की पुन्हा मंदावतो. शिकायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला: धरणात पाणी असतं, ऊन सोसवतं, वारा बहुधा आवाक्यातला असतो. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोरदार आणि सलग वाहतो. तो अनुभवी हातांसाठी.

एप्रिल-मेबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. वळवाच्या पावसाआधी दुपारनंतर जे वादळी वारं सुटतं, ते पाच मिनिटांत सपाट पाण्याची उंच लाट करतं. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ते रोजच्या वाटेने चाललेले लोक होते. आपण हौसेने जाणार, म्हणजे न जाण्याची मुभा आपल्याला पूर्ण आहे. वळवाच्या दिवसांत सकाळी दहापर्यंत होडी काठावर यायला हवी, आणि क्षितिजावर काळा ढग उभा राहिला असेल तर ती काढूच नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते मोबाइलवर असू द्या. ढग गडगडला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेरच. तुमच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची उंच काठी असते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

शिकायचं कुठे

पहिले धडे एखाद्या चालत्या क्लबमध्येच घ्या. सोलापूरकरांना हैदराबाद सोयीचं पडतं, रेल्वेही आहे आणि रस्ताही सरळ. तिथल्या हुसेन सागरावर शिडाच्या होड्यांची परंपरा जुनी आहे. लष्कराची ईएमई सेलिंग असोसिएशन आणि यॉट क्लब ऑफ हैदराबाद दोन्ही तिथलेच. मुंबईत १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबपासून नव्या प्रशिक्षण संस्थांपर्यंत पुष्कळ पर्याय आहेत. ‘यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया’शी संस्था जोडलेली आहे का आणि शिकवताना मोटरबोट सोबत असते का, हे दोन प्रश्न नक्की विचारा. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तिथून निघा.

क्लबात बहुधा एकाच अंगाच्या लहान होडीवर शिकवतात. हरकत नाही. वाऱ्याची जाण तीच राहते, कॅटमरानचं वेगळेपण नंतर दोन-तीन दिवसांत कळतं.

होडीची ओळख

दोन सडपातळ पोकळ अंगं म्हणजे हल, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या नळ्या, मधे ताणून बांधलेलं जाळीदार कापड म्हणजे ट्रॅम्पोलीन, त्यावर बसणारी माणसं. डोलकाठी पुढच्या आडव्या नळीवर उभी राहते आणि तिला तीन तारांनी धरून ठेवलेलं असतं. मागे दोन सुकाणू, त्यांना जोडणारी काठी, आणि ती हाताशी आणणारा लांब दांडा म्हणजे टिलर. मोठ्या शिडाची दोरी मेनशीट, आणि पुढचं छोटं शीड म्हणजे जिब.

जगभर सर्वात जास्त दिसणारी लहान कॅटमरान म्हणजे हॉबी १६, कॅलिफोर्नियातल्या होबी ऑल्टर यांची. लांबी साधारण ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास, चालवायला दोन माणसं. नवख्यांसाठी तिची मोठी सोय म्हणजे खाली पाण्यात जाणारं पातं नाही. हलचा आकारच तिला बाजूला सरकू देत नाही आणि सुकाणू आपटला तर वर उचलला जातो. उजनीसारख्या चिखल-गोट्यांच्या उतरत्या काठाला हेच हवं. वापरलेली होडी घेताना हलवर गुडघा टेकवून हळूच दाबत जा. कुठे मऊ लागलं तर आतला फोम सुटलाय, ती होडी सोडून द्या.

प्रत्येक हलच्या मागच्या टोकाला एक बूच असतं. होडी पाण्यात ढकलण्यापूर्वी दोन माणसांनी, वेगवेगळं, हात लावून ती बुचं तपासायची. एक राहिलं तर हल आतून भरत जातो आणि ते पंधरा-वीस मिनिटांनी, काठापासून लांब गेल्यावर लक्षात येतं.

काठावरचं काम

उजनीचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, म्हणून आधी त्यांची लेखी परवानगी घ्या, गावच्या पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत कळवा. ज्या शेतातून ट्रेलर पाण्यापर्यंत जाणार त्या शेतकऱ्याला भेटा, आणि तिथल्या मच्छीमारांनाही. ही औपचारिकता समजू नका. जाळी कुठे लावली आहेत, कुठल्या बुडालेल्या बाभळीचे शेंडे यंदा वर आलेत, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. धरणाच्या भिंतीकडे आणि सांडव्याकडे कधीच जायचं नाही.

आता काठावरचा सर्वात मोठा धोका. पाण्याच्या कडेने शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, त्यांना वीज देणाऱ्या तारा खांबांवरून येतात, काही ठिकाणी त्या झोळ पडून बऱ्याच खाली आलेल्या असतात. तुमची डोलकाठी आठ मीटर उंच आणि ॲल्युमिनियमची. ती उभी करण्याआधी वर बघा, मग होडी पाण्यापर्यंत ज्या वाटेने ढकलणार ती अख्खी वाट चालून पुन्हा वर बघा. पाण्यावरून जाणारी तारही असू शकते. हॉबी १६ च्या काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या साहित्याचा करतात तो याच कारणाने, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका, जुन्या होड्यांत तो भाग नसतोही. तारा दिसल्या तर जागा बदला. मोटारींच्या केबली पाण्यातही सोडलेल्या असतात, त्यांच्या जवळपास पाण्यात पाय घालायचा नाही.

डोलकाठी उभी करायला तीन माणसं घ्या. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलताना बघितलं असेल, एकदा सरळ उभा झाला की तो सांभाळता येतो, खरी कसोटी तो तिरका असताना लागते. इथेही तसंच आहे. एकाने बुडखा जागेवर दाबून धरायचा, दुसऱ्याने ट्रॅम्पोलीनवरून काठी खांद्यावर घेत वर ढकलायची, तिसऱ्याने पुढची तार ओढायची. खिळ बसून वर रिंग लागेपर्यंत कुणीही हात सोडायचा नाही. मग होडीचं नाक वाऱ्याकडे करा आणि त्यानंतरच शीड चढवा.

सामानात दोघांसाठी चार-पाच लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बागकामाचे हातमोजे, गळ्यात शिट्टी, जॅकेटला बांधलेला छोटा चाकू, एक वल्हं, पंधरा मीटर तरंगती दोरी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भिजली नाही तर दिवसभर खराब होत नाही आणि हलत्या होडीत एका हाताने खाता येते.

पाण्यावर

पहिले काही दिवस वारा आडवा घेऊन नुसतं जा-ये करा: एका बाजूला दोनशे मीटर, वळा, परत. शिडाचा एकच नियम आधी हातात बसवा. शीड फडफडायला लागेपर्यंत मेनशीट सोडायची, मग फडफड थांबेल एवढीच ओढायची. नवखा माणूस नेहमी जास्त ओढतो, होडी मंदावते आणि मग वारा नाही म्हणून तक्रार करतो. झोत आला आणि एक हल वर उचलला जाऊ लागला की मेनशीट सोडा. दोरी कधीही हाताला गुंडाळू नका आणि नवखेपणी खाचेत अडकवूनही ठेवू नका.

थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची होडी जात नाही, दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंश सोडून नागमोडी जावं लागतं. त्यासाठी वाऱ्याच्या तोंडातून वळावं लागतं आणि कॅटमरानला इथेच त्रास होतो. ती हलकी असल्याने वेग पटकन जातो आणि दोन लांब हल वळायला जागा मागतात. म्हणून वळण्याआधी वेग घ्या. टिलर झटका न देता सलग ढकला. जिब लगेच सोडू नका. नाक वाऱ्याच्या पलीकडे जाईपर्यंत ती जुन्याच बाजूला बांधलेली राहू द्या, म्हणजे वारा तिच्यात उलटा भरतो आणि नाकाला पलीकडे ढकलतो. त्याच वेळी मेनशीट हातभर सोडा, नाहीतर मोठं शीड होडीला परत वाऱ्याकडे फिरवतं. नाक पलीकडे गेलं की जिब नव्या बाजूला ओढा, माणसं सरकवा, मेनशीट हळूहळू घ्या.

तरीही मधेच अडकाल. सगळ्यांचं होतं. होडी थांबते, शिडं फडफडतात आणि ती मागे सरकू लागते. मागे सरकताना सुकाणू उलटं काम करतं. तेव्हा मेनशीट मोकळी करा, जिब हाताने उलट्या बाजूला धरा आणि टिलर आधीच्या विरुद्ध बाजूला न्या. होडी मागे-मागे जात आपोआप फिरेल. हे मुद्दाम अडकून शिकायचं. बेटाच्या टोकाशी दगड जवळ असताना पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही.

वारा पाठीवर असताना अगदी सरळ न जाता तिरकं-तिरकं जा, वेगही जास्त मिळतो आणि शीड अचानक दुसऱ्या बाजूला फेकलं जात नाही. दोघंही मागे सरकून बसा. वेगात असताना पुढची टोकं पाण्यात घुसली तर कॅटमरान नाकावर कोलांटी घेते आणि माणसं पुढे तारांवर फेकली जातात.

समोरून दुसरी शिडाची होडी आली तर कुणी वाट द्यायची? डावीकडून वारा घेणारी होडी उजवीकडून वारा घेणारीला वाट देते. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, असलेली वाट देते. मागून ओलांडणारी नेहमीच बाजूने जाते. जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला मात्र नियम न बघता वाट द्यायची. त्याचं पोट त्यावर आहे.

उलटली तर

ती उलटणारच, म्हणून मुद्दाम उलटवून शिकायचं. मोटरबोट शेजारी ठेवून, खोल पाण्यात, मध्यम वाऱ्यात. उथळ पाण्यात डोलकाठीचं टोक चिखलात रुततं आणि मग काठी वाकते.

पाण्यात पडल्याबरोबर होडी धरा. वारा तिला तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो. जोडीदाराला हाक मारा आणि उत्तर ऐका. मग दोन्ही शिडांच्या दोऱ्या सोडा. एक जण नाकाशी लोंबकळला की होडी हळूहळू नाक वाऱ्याकडे करते. आता उभी करायची दोरी वरच्या हलवरून घ्या, दोघंही खालच्या हलवर उभे राहा आणि पाठ जवळजवळ पाण्याला टेकेल इतकं मागे झुका. काही क्षण काहीच होत नाही. जोर लावत राहा. वारा शिडाखाली शिरला की काठी एकदम उठते, आणि वरचा हल तुमच्या डोक्याच्या दिशेने खाली येतो. त्या वेळी दोन हलच्या मधे राहून पुढची आडवी नळी घट्ट धरा, नाहीतर उभी झालेली होडी तुम्हाला सोडून निघून जाईल.

हॉबी १६ उठवायला दोघांचं वजन लागतं. साठ किलोच्या एकट्या माणसाला ती सहसा दाद देत नाही. दोघंही हलक्या अंगाचे असाल तर तिसऱ्याची किंवा मोटरबोटीची मदत धरून चाला. डोलकाठीच्या टोकाला तरंगता गोळा लावला तर होडी पूर्ण पालथी होत नाही. नवख्या गटाने तो लावावाच. हे सगळं प्रत्येक जोडीला सलग दोनदा जमल्याशिवाय ती जोडी बेटाच्या फेरीला येत नाही, असा नियम करा आणि मैत्रीखातर मोडू नका.

बेटाची फेरी

उजनीत बेट निवडताना नकाशावर विसंबू नका. पाणी उतरलं की नवी बेटं वर येतात, जुनी काठाला जोडली जातात. पाण्याखाली उठून गेलेल्या गावांच्या भिंती आणि विहिरी आहेत. पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यामुळे आधीच्या आठवड्यात मोटरबोटीने बेटाभोवती फिरून खोली बघा. शिवाय थंडीत भिगवणकडच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी असतात, आणि मार्च ते मे दरम्यान नदी सुरयसारखे पक्षी उघड्या बेटांवर जमिनीवरच अंडी घालतात. पक्षी बसलेले बेट निवडू नका. जिथे जलपर्णीचे ताटवे दाटलेत तिकडेही नको, सुकाणू त्यात अडकून पडतात.

बेट वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावं, ही माझी पहिली अट. जाताना वाऱ्याविरुद्ध कष्ट, येताना वारा पाठीशी. उलट केलं तर हसत-खेळत पोचाल, आणि दमलेल्या हातांनी, उतरत्या दिवसात वाऱ्याविरुद्ध परतावं लागेल.

हिशोब असा करा. बेट सरळ रेषेत वाऱ्याविरुद्ध ३ किलोमीटर आहे. नागमोडी जाताना ते अंतर साधारण साडेचार किलोमीटर होतं. नवखी जोडी बऱ्या वाऱ्यात ताशी ८ किलोमीटर गेली तरी अर्ध्या तासाच्या वर लागतो. अडकणं, एकमेकांसाठी थांबणं धरून सव्वा तास धरा. बेटाची फेरी पाऊण तास. परतीला वारा असेल तर अर्धा तास, पण वारा पडला तर वल्हं मारत तेच ३ किलोमीटर जायला तासाच्या वर. हा शेवटचा आकडा धरूनच वेळ ठरवायची. साडेदहाला निघालात तर दुपारी एक वाजता, कुठेही असलात तरी, सगळ्यांनी परत फिरायचं. बेट पन्नास मीटरवर असलं तरी. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. चारला सगळ्या होड्या काठावर हव्यात, म्हणजे काही बिघडलं तर शोधायला दोन तास उजेड उरतो.

निघण्यापूर्वी काठावरच्या ओल्या मातीत काडीने नकाशा काढा: बेट, वाऱ्याचा बाण, थांबायच्या जागा, धोक्याच्या जागा. प्रत्येक होडीतल्या एकाने तो पुन्हा सांगायचा. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेली जोडी, सगळ्यात मागे सर्वात अनुभवी जोडी. अनुभवी माणसाला पुढे जायची हौस असते, पण अडचण नेहमी मागे होते. मधल्या होड्यांच्या जोड्या लावा, प्रत्येकीने आपल्या जोडीदार होडीवर लक्ष ठेवायचं. पुढच्या होडीने मागची दिसेनाशी झाली की शिडं सोडून थांबायचं. वेग सर्वात हळू होडीचा. ज्यांना हे जड जातं त्यांनी शर्यतीत भाग घ्यावा, फेरीला येऊ नये.

मोटरबोट हवीच. तिचं इंधन तीन भागांत मोजा: एक जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. खुणा थोड्या ठेवा: वल्हं उभं धरलं म्हणजे मदत हवी, दोन्ही हात बाजूला पसरून वर-खाली हलवले म्हणजे तातडीची मदत, एक लांब शिट्टी म्हणजे माझ्याकडे बघा. काठावर एक माणूस थांबतो. त्याच्याकडे सगळ्यांची नावं, घरच्यांचे नंबर, होड्यांचे रंग आणि परतीची वेळ लिहिलेली असते. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास गेला आणि फोन लागत नसेल तर तो वाट न बघता ११२ लावतो आणि गावातल्या होडीवाल्यांना उठवतो. या कामाला होडी न मिळालेला नाराज माणूस ठेवू नका, सर्वात जबाबदार माणूस ठेवा.

बेटाजवळ वारा बदलतो. वाऱ्याच्या आडोशाला, बेटाच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत, वारा तुटक आणि गोल फिरणारा असतो. शीड पडतं आणि मग अचानक भलत्या बाजूने भरतं. टोकाला मात्र दोन्हीकडून वळून आलेला वारा एकवटतो आणि जोर धरतो. आडोशातून टोकाबाहेर पडतानाचा तो क्षण जपा, होड्या उलटतात त्या बहुधा तिथेच. बाहेर पडण्याआधी दोघांनीही जागा घेतलेली असावी आणि मेनशीट हातात असावी. वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यापासून शंभर-दीडशे मीटर दूर राहा, कारण तिथे काही तुटलं तर वारा तुम्हाला थेट दगडांवर नेतो. उतरायचं असेल तर आडोशाच्या बाजूला उतरा: काठापासून वीस मीटरवर सुकाणू वर घ्या, नाक वाऱ्याकडे फिरवा, पाय टेकण्याआधी वल्ह्याने तळ चाचपा. चिखल कधी कधी मांडीपर्यंत असतो.

थांबलात की प्रत्येक वेळी माणसं मोजा. होड्या मोजून भागत नाही.

समुद्रावरच्या बेटाची इच्छा असेल तर

उजनीत दोन हंगाम झाले की मालवणकडे डोळे लागतात. तिथला सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला, आणि त्याभोवती पाण्याखाली लपलेले खडक हेच त्याचं एक संरक्षण होतं. तुमच्या सुकाणूला आजही तेच खडक लागतील. म्हणून तिथे स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय नाही.

धरणात नसलेली गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. साधारण सहा तासांनी पाणी दिशा बदलतं, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ सर्वात जास्त, अष्टमीच्या आसपास कमी. पहिल्या वेळी अष्टमीच्या आसपासचा दिवस घ्या. दुसरी गोष्ट वाऱ्याची: हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यावर पाणी सपाट दिसतं, वारा गोड वाटतो, आणि तोच होडीला बाहेर नेतो. दुपारकडे समुद्रावरचा वारा स्थिर झाल्यावर निघा, तेव्हा काही बिघडलं तर वारा किनाऱ्याकडे आणतो. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवा, आणि स्थानिक बंदर कार्यालयाला कळवूनच निघा. पावसाळ्यात हा विषयच काढू नका.

परतल्यावर

काठावर थांबलेल्या माणसाच्या यादीवर प्रत्येकाने स्वतः येऊन खूण करायची, दुसऱ्याने ‘तो आलाय’ म्हटलेलं चालत नाही. मग शिडं उतरवा, पुन्हा एकदा वर तारा बघा आणि डोलकाठी खाली घ्या. दोन्ही हलची बुचं काढून मागचं टोक खाली करा. पेलाभर पाणी निघालं तर ठीक, बादलीभर निघालं तर गळती शोधल्याशिवाय ती होडी पुढच्या फेरीला नाही. होडी, दोऱ्या आणि स्वतःचं अंग गोड्या, स्वच्छ पाण्याने धुवा. उन्हाळ्याकडे उजनीचं पाणी हिरवट होतं आणि काहींना खाज सुटते. ट्रेलरवर डोलकाठी मागे बाहेर येते, तिच्या टोकाला लाल फडकं बांधा आणि अंधार पडण्याआधी टेंभुर्णीचा रस्ता धरा.

सुकाणूत कुणाचं जाळं अडकून फाटलं असेल तर त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन भरपाई द्या. आणि वहीत पाण्याची पातळी, नवे दिसलेले दगड, वारा किती वाजता उठला आणि किती वाजता पडला, हे लिहून ठेवा. पुढची तुकडी येईल तेव्हा पाणी चार हात खाली गेलेलं असेल, आणि तुमची ही नोंदच त्यांच्या हाताशी असेल.